सोंगाचा पेटारा आणि संगणक

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलुखात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते लावावयाचे आणि सोंग कोणी कोणते घ्यावयाचे, एवढे आधी ठरते. रंग ज्याचा त्याने लावावयाचा आणि संवाद समोरच्याचे बोलणे ऐकून ऐनवेळी रचावयाचे. तरीही भीम भीमासारखा बोलतो आणि नारद नारदासारखा. कारण आपल्या सोंगाची मर्यादा नटाला पाठ असते.

याच जातीचा एक बैठा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. चार-पाच गडी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात. फरक इतकाच, की येथे सोंगाची मर्यादा आकड्यांनी लिहिलेली असते. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव असे सहा गुण. प्रत्येकाला एक अंक. आजच्या नियमांप्रमाणे बळ 16 असेल, तर बळाच्या कामात 20 बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात 3 मिळवावयाचे. 10 असेल, तर काहीच नाही.

हा हिशेब दिसतो तितका सोपा राहत नाही. पाचव्या पायरीवरच्या वीराचा काटकपणा 13 वरून 14 झाला, तर त्याची प्राणशक्ती एकाने नव्हे, पाचाने वाढते. कारण प्रत्येक पायरीमागे एक अशी ती मोजावयाची असते. नवखा खेळाडू येथे हमखास चुकतो. पात्ररचनेची सॉफ्टवेअर निर्माण झाली ती ही आकडेमोड सांभाळण्यासाठी. त्यांतून निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, साधन आपल्याच खेळाचे आहे ना? ‘डी अँड डी बियाँड’ हे 2017 साली सुरू झालेले संकेतस्थळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पुरते आहे; ‘पाथबिल्डर’ हे ‘पाथफाइंडर’ या निराळ्या खेळाचे. आवृत्तीही जुळावी लागते, कारण 2014 चे आणि 2024 चे नियम सर्वस्वी एक नाहीत.

दुसरी गोष्ट खर्चाची. पुष्कळ ठिकाणी मूळ नियम विनामूल्य असतात आणि अधिक पर्यायांना दाम पडतो. तो एकदाच द्यावयाचा की दरमहा, हे आरंभीच विचारावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पात्र राहते कोठे? दशावतारी मंडळीचा पेटारा तिच्याबरोबर गावोगाव जातो. तो परक्याच्या घरी कुलपात ठेवून कोणी नाटकाला निघत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र असे सर्रास घडते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीचे पात्ररचनेचे साधन आधी स्वतःच्या संगणकावर चालत असे. 2010 च्या अखेरीस ते इंटरनेटवर नेण्यात आले आणि 2020 च्या आरंभी ती सेवाच बंद झाली. ऑगस्ट 2024 मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ने जुन्या पात्रांच्या नोंदींतील मंत्र नव्या नियमांप्रमाणे बदलण्याचे जाहीर केले. खेळाडूंनी जोराचा विरोध केल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेण्यात आला. वर्षानुवर्षे जोपासलेले सोंग आपल्याला न विचारता बदलू शकते, हे मात्र त्यामुळे सर्वांस कळून चुकले. याउलट ‘पीसीजेन’सारखे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर इंटरनेटविना चालते, त्याची मांडणी काहीशी जुनी व क्लिष्ट आहे, इतकेच.

चौथी गोष्ट छापील कागदाची. निवड पक्की करण्यापूर्वी एक पात्र करून पाहावे, त्याला ‘संकासुर’ असे देवनागरीत नाव द्यावे आणि पान छापावे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले, तर त्या साधनावर मराठी खेळ लिहिणे कठीण. पान छापताच येत नसेल, तर नेटवर्क गेल्याबरोबर खेळही थांबेल.

आणखी एक पथ्य शाळेतल्या गणितासारखे आहे. पहिले पात्र हाताने करावे. 6 बाजूंचे 4 फासे टाकावे, सर्वांत लहान आकडा सोडावा, उरलेल्या तिघांची बेरीज लिहावी. असे सहा वेळा. इब्रामपूरच्या एखाद्या ओसरीवर चार मुलांनी एका दुपारी एवढे केले, तर कोणता आकडा कोठून आला हे त्यांना उमगेल आणि पुढे यंत्राची चूकही पकडता येईल. जो आधी बेरीज शिकला, त्यालाच यंत्राचे साह्य होते.

एवढे करूनही संगणक देतो तो आकड्यांचा मुकुट. संकासुराने वेद चोरले हे आख्यान सांगते. पण पकडला गेल्यावर तो कोणती थाप मारील, हे ज्याने ते सोंग घेतले त्यानेच ठरवावयाचे असते.