सात नद्यांपलीकडचे घर

श्रोतेहो, घर बदलणे आणि घरी परतणे या दोन गोष्टी वरवर पाहता एकसारख्याच दिसतात. दोहोंतही भांडी गुंडाळावी लागतात, पुस्तके खोक्यांत भरावी लागतात आणि शेजाऱ्यांचा निरोप घ्यावा लागतो. परंतु परतणाऱ्याच्या मनात आणखी एक समजूत असते. आपण जेथून निघालो, तेथेच पुन्हा जात आहोत, असे त्याला वाटते. ही समजूत किती अपुरी आहे, हे इंदूरहून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यापर्यंत मोटारीने केलेल्या प्रवासात मला उमगले.

इंदुरात मी एकोणीस वर्षे अध्यापन केले. गावी आई एकटी होती. तिचे वय झाले, तेव्हा परतण्याचा निश्चय आम्ही उभयतांनी केला. आमचा बारा वर्षांचा मुलगा मात्र सामान बांधताना म्हणाला, "बाबा, तुम्ही परत जाताय. मी कुठे परत जातोय? मी तर तिथून आलोच नाही." या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याचा जन्म इंदूरचा, मित्र इंदूरचे. माझी जी परतीची वाट, तीच त्याची घर सोडण्याची वाट होती.

म्हणून आम्ही आगगाडीचा विचार सोडला. सामान मालमोटारीने पुढे पाठविले आणि आमच्या लहान मोटारीने रस्त्याने निघालो. पुण्यावरून जाणारा रस्ता जवळचा खरा. पण आम्ही राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ निवडला. हा मार्ग पंजाबातील संगरूरपासून निघतो आणि इंदूर, धुळे, सोलापूर, विजयपूर, हुबळी यांवरून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील अंकोल्यास पोहोचतो. हुबळीपर्यंत एकच रस्ता धरून जाता येते. आमचा एकूण प्रवास सुमारे १,१०० किलोमीटरांचा होता. वाटेत मोठ्या नद्या सात लागतात, त्या तू मोज, एवढेच काम मी मुलाकडे सोपविले.

मानपूरजवळ माळव्याचे पठार संपते व रस्ता विंध्य उतरून निमाडात येतो. खलघाटास पहिली नदी लागली, नर्मदा. तेथून जवळच अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर. सेंधव्यापुढे सातपुड्याचा बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात आलो, आणि शिरपूरच्या दक्षिणेस दुसरी नदी लागली, तापी. या दोन्ही नद्या पश्चिमेस वाहतात. विंध्य आणि सातपुडा यांच्या आजूबाजूची जमीन प्राचीन काळी खचून जे लांब खोलगट पट्टे झाले, त्यांतून त्यांनी समुद्राची वाट धरली आहे. चाळीसगावानंतर कन्नडचा घाट चढलो, आणि पाण्याची दिशाच पालटली. रात्री छत्रपती संभाजीनगरास मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शहागडला गोदावरी आणि सोलापूरच्या पुढे राज्याच्या सीमेवर भीमा ओलांडली. या दोन्ही पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या आहेत.

येथवर मुलाला एका गोष्टीचे नवल वाटत होते. "बाबा, माती तर आपल्या इंदूरसारखीच काळी आहे!" त्याचे निरीक्षण बरोबर होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा काळा पाषाण माळव्यापासून सोलापूर-विजयपूरपर्यंत पसरलेला आहे, आणि त्याचीच झीज होऊन ही काळी माती झाली आहे. दोन दिवस आम्ही एकाच खडकावरून चाललो होतो. वर मात्र सारे हळूहळू बदलत होते. गव्हाच्या पोळीची जागा ज्वारीच्या भाकरीने घेतली. सेंधव्याची निमाडी धुळ्यास अहिराणी झाली, मराठवाड्यात मराठीला निराळा हेल आला आणि सोलापुरात तिच्या शेजारी कन्नड व तेलुगू ऐकू येऊ लागल्या. अमुक ठिकाणी एक भाषा संपली व दुसरी सुरू झाली, असे बोट ठेवून दाखविता आले नाही.

सीमा माणसे आखतात, आणि पुन्हा आखतात. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी इंदूर मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. विजापूर, धारवाड व बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आम्ही ज्या वाटेने चाललो, त्या वाटेवरील कितीतरी गावांनी जागचे न हलता राज्य बदलले होते. हे मी सांगितले, तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे गावांनासुद्धा कुणी विचारलं नव्हतं?" माझ्या मनास ते वाक्य लागले, कारण त्यालाही आम्ही विचारले नव्हते. कळविले होते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी विजयपुराहून निघालो. कोल्हारच्या पुलावर कृष्णा लागली, पुढे घटप्रभा. काळा पाषाण मागे पडून बदामीकडचे तांबूस दगड दिसू लागले. मग नरगुंदाच्या अलीकडे सातवी नदी आली. उन्हाळ्यामुळे पात्र रोडावले होते. मी मोटार बाजूला उभी केली आणि म्हणालो, "ही मलप्रभा. ही आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते, आजीच्या गावाकडूनच येते." तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. घर अजून दूर होते. पण घराकडचे पाणी आम्हांस सामोरे आले होते. त्याच तालुक्यात म्हादईही उगम पावते, आणि ती मात्र पश्चिमेस वळून गोव्यात जाते, हे मी पुढे सांगितले. "एकाच गावाकडच्या दोन नद्या, आणि दोन दिशांना?" त्याने विचारले. मी होय म्हटले. त्यानंतर हुबळीस महामार्ग सोडून धारवाड, कित्तूर मार्गे गावी पोहोचेपर्यंत तो फारसा बोलला नाही. पण त्याच्या मुद्रेवरील रुसवा ओसरला होता.

श्रोतेहो, असा प्रवास करणाऱ्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. एका राज्यात नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची झाल्यास, मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची नव्याने नोंदणी करून नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला निघण्यापूर्वीच मिळवावा. तो दाखला व मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला मालमोटारीतील खोक्यांत न घालता स्वतःजवळ ठेवावा.

या नियमाचा मी पुढे निराळाच उपयोग केला. गावी आल्यावर मुलाच्या बोलण्यातील हिंदीची छटा ऐकून मुले हसत. त्यांच्या मराठीतील कन्नड शब्द त्याला कळत नसत. शेजारीपाजारी म्हणत, "अजून रुळला नाही का?" मी म्हणे, "कायदा मोटारीला बारा महिने देतो. मुलाला निदान तेवढे तरी द्या."

माझ्याही बाबतीत तेच झाले. एकोणीस वर्षांत गावातील ओळखीची दारे कमी झाली होती. परतलेला माणूसही काही काळ पाहुणाच असतो. फक्त ते त्याला कोणी सांगत नाही. म्हणून मुलाबाळांसह परतणाऱ्यांनी शक्य असल्यास रस्त्याने, सावकाश यावे. जे घर आपल्याला एका क्षणात आठवते, तेथपर्यंत मुलांना एकेक नदी ओलांडूनच यावे लागते.