वीतभर उंचीचा हिशेब

पहाटे ४:१५. कंपनीची बस. जूनमध्ये इथे कतारात पाचच्या आतच सूर्य वर येतो आणि बाहेरचं काम दहाच्या आत आटपावं लागतं.

५:००. हमद पोर्टच्या क्रेन मागे टाकून किनाऱ्यावर उतरतो. ओहोटी आहे. तिवरांखालच्या चिखलात पेन्सिलीएवढी श्वासमुळं उभी. पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं की खरखरीत मीठ लागतं. झाड ते पानांतून बाहेर टाकतं.

६:३०. दोरी ताणून खुंटीगणिक जमिनीची पातळी मोजतो. रोजच्या भरतीचं पाणी पोचतं तिथवर तिवर. त्याच्या वीतभर वर फक्त उधाणाचं पाणी चढतं, ते आटून मीठ साठतं, आणि तिवर तिथे संपतो. पुढे सांधेसांध्यांची, मांसल खोडांची खारी झुडपं. वीतभर चढ, आणि वस्तीच बदलते.

८:००. मातीतल्या पाण्याच्या खारटपणाची नोंद. मोकळ्या समुद्रात हजारात ३५ भाग मीठ. आखातात ४०च्या वर, आणि वरच्या पट्ट्यातल्या मातीत त्याहूनही पुष्कळ जास्त.

मी साताऱ्याचा. कासच्या सड्यावर, १२०० मीटर उंचीवर, हेच पाहिलं आहे. पाऊस धो धो, पण कातळावर बोटभर माती. म्हणून मोठं झाड तग धरत नाही. जरा खोलगट भागात माती साचली की वायतुऱ्याचे कंद. ओल्या, निकस जागी सीतेची आसवं, जी नत्राची उणीव किडे पकडून भरून काढतात. तिथे मातीची जाडी ठरवते, इथे मीठ.

१०:००. काम बंद. १ जून ते १५ सप्टेंबर साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई. कार्यालयात नकाशा भरतो. २०१७ साली या बंदराचं रीतसर उद्घाटन झालं. बांधकामाच्या वेळी इथले तिवर, समुद्री गवत, प्रवाळ दुसरीकडे हलवले होते. झाड उचलून नेणं हे अर्धंच काम, असं माझं ठाम मत आहे. नव्या जागेची पातळी चुकली तर कितीही पाणी घाला, रोप जगत नाही.

३:३०. पुन्हा किनारा. भरतीची रेघ खुंट्यांवर नोंदवली.

७:३०. काकांचा फोन. "सड्यावर वायतुरा आला रे, दुफाट्याचे तुरे दिसायला लागलेत."

९:००. उद्याची यादी: सातव्या खुंटीपाशी पातळी परत मोजायची. मी नोंदवलेल्या भरतीच्या रेघेच्या वर तिवराची तीन रोपं उगवली आहेत, तिथे पाणी कुठून येतं ते शोधायचं.