संगणक गाणं कसं वाचतो?

संगणकाला मिळतात ते फक्त आकडे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची पातळी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. या आकड्यांचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकात कोणती कंप्रता किती जोरकस आहे, हे फूरिये रूपांतराने काढतात. त्याची झटपट रीत कूली आणि टूकी यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केली. तुकडे ओळीने मांडले की स्पेक्ट्रोग्राम तयार होतो. आडवा काळ, उभी कंप्रता, रंगातून जोर.

नवशिक्यांनी सूत्रांच्या आधी हे चित्रच पाहावं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ मोफत मिळतं. त्यात तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण उघडा. जवारी नीट लागलेली असेल तर एकाच तारेतून समांतर रेघांची चळत दिसते: ११० हर्ट्झच्या वर २२०, ३३०, ४४०... वरच्या रेघा उजळतात, मावळतात. हे एकदा पाहिलं की तार त्या सुरात लावलेली नसतानाही ऐकू येणारा स्वयंभू गंधार कुठून येतो ते डोळ्यांनाच कळतं.

तुकडा बऱ्याचदा २,०४८ आकड्यांचा, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंदांचा घेतात. मोठा घेतला तर जवळचे सूर सुटे दिसतात, पण तबल्याच्या आघाताची वेळ पुसट होते.

राग ओळखण्याचं काम मात्र कठीण. आपल्याकडे ‘सा’ गायकागणिक बदलतो. त्यामुळे प्रोग्रामला आधी तो शोधावा लागतो. मगच बाकीचे सूर सेंटमध्ये मोजता येतात. एका सप्तकात असे १,२०० सेंट असतात.