चोर परराज्यात, गुन्हा जामखेडमध्ये! सायबर कायदा काय सांगतो?

समजा, जामखेडच्या एका दुकानदाराला व्हॉट्सॲपवर ‘वाहनाचा दंड भरा’ असा संदेश आला. सोबतची एपीके फाइल त्याने उघडली आणि काही मिनिटांत खाते रिकामे झाले. चोर कोण, कुठला, काहीच ठाऊक नाही. मग तक्रार जामखेडला करायची, की अहिल्यानगर गाठायचे?

गुन्हा कुठे नोंदवायचा?
जामखेड पोलीस ठाण्यातच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ नुसार, फसवणुकीचा संदेश जिथून पाठवला किंवा जिथे मिळाला, त्या दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो. कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

शिक्षा किती?
माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख चोरणे (कलम ६६-सी) आणि तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणे (कलम ६६-डी) यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) नुसार फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोर परदेशात असेल तर?
भारतातील संगणकाशी संबंध असेल, तर कलम ७५ नुसार परदेशात केलेल्या कृत्यालाही हा कायदा लागू होतो. पण प्रत्यक्षात काय होते? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. त्यातील बहुतांश रक्कम २८ देशांतील एटीएममधून काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. म्हणजे निकालाला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला.

पैसे परत मिळतात का?
इथे शिक्षेपेक्षा वेळ महत्त्वाची. १९३० वर लगेच फोन केल्यास रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकते. गोठवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे.

हे लक्षात ठेवा
- आधी १९३०, लगेच बँक, मग पोलीस ठाणे.
- संदेश, व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट पुसू नका.
- ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी अटकेची भीती घातली, तर फोन ठेवा.