चोरीचा माल आणि मधला माणूस

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणीचा प्रत्यय फौजदारी न्यायालयांच्या आवारात अधूनमधून येतो. चोरी एक जण करतो, माल खपविण्याचे काम ओळखीतल्या दुसऱ्याच्या गळ्यात पडते आणि तपासात पोलिस प्रथम पोहोचतात ते या दुसऱ्याकडे. चोरी अंधारात होते. विक्री मात्र चारचौघांत करावी लागते.

माहुलसारख्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९५४-५५ मध्ये सुरू झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने, इंधनाच्या टँकरची वर्दळ आणि फार लांब नसलेला कुर्ल्याचा भंगारबाजार यांच्या शेजारी येथील वस्ती आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटविल्यानंतर अनेक कुटुंबांचे पुनर्वसन येथे झाले. त्यांतील कित्येकांचा जुना रोजगार दूर राहिला. अशा वेळी दोनशे रुपयांच्या कमिशनसाठी कुणाचा मोबाइल, कुणाची दुचाकी, तर कुणी दिलेला डिझेलचा कॅन विकून देण्यात सामान्य माणसाला काही वावगे वाटत नाही. कायद्याची नजर मात्र वेगळी आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पूर्वीच्या ४१० ते ४१४ या कलमांतील तरतुदी आता कलम ३१७ मध्ये एकत्र आल्या आहेत. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणे किंवा जवळ ठेवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा माल लपविण्यास किंवा त्याची विल्हेवाट लावण्यास मदत करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. दुसऱ्यासाठी विक्री करणारा याच तरतुदीच्या कक्षेत येतो. हाच नित्याचा धंदा असल्याचे सिद्ध झाले, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. ‘चोरीचा माल’ या व्याख्येत दरोडा, खंडणी, अपहार यांबरोबर आता फसवणुकीने मिळविलेल्या वस्तूंचाही समावेश आहे.

मग अजाणतेपणी विकणाऱ्याचे काय? येथे कायद्याचे शब्द महत्त्वाचे ठरतात. माल चोरीचा आहे हे ‘माहीत असणे’ किंवा तसे ‘मानण्यास कारण असणे’ यांपैकी एक गोष्ट सरकारी पक्षाला सिद्ध करावी लागते. त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले होते. २०२२ मध्येही एका दुकानदाराची शिक्षा रद्द करताना, माल स्वस्तात मिळाला एवढ्यावरून तो चोरीचा असल्याचे त्याला ठाऊक होते असा निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निव्वळ संशय पुरेसा नाही; मात्र डोळ्यांवर कातडे ओढून घेणाऱ्यालाही संरक्षण नाही. शिवाय खरी हकिकत नंतर कळल्यावरही माल अप्रामाणिकपणे जवळ ठेवला, तर तेथूनच गुन्हा सुरू होतो.

निर्दोष सुटणे आणि त्रास न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चोरीनंतर लगेचच माल ज्याच्याकडे सापडतो, त्याने समाधानकारक खुलासा केला नाही, तर तो स्वतः चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून माल घेतला, असे न्यायालय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ नुसार गृहीत धरू शकते. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलिस कायद्याचे कलम १२४ ही आहे. चोरीची असल्याचे मानण्यास कारण असलेली वस्तू जवळ बाळगणाऱ्याला किंवा विकायला काढणाऱ्याला तिचा हिशेब देता आला नाही, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. संशयास्पद वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आहेच.

इंधनाच्या बाबतीत तर दुहेरी धोका असतो. पेट्रोल-डिझेलची अनधिकृत विक्री जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येते. तेथे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि आरोपीचा दोषपूर्ण हेतू कायदा प्रथम गृहीत धरतो; तो नव्हता हे आरोपीला सिद्ध करावे लागते.

फौजदारी कारवाईतून सुटका झाली तरी दिवाणी जबाबदारी उरते. १९३० च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, विकणाऱ्याकडे जेवढी मालकी तेवढीच खरेदीदाराला मिळते. त्यामुळे मूळ मालक वस्तू परत मागू शकतो आणि ग्राहक आपले पैसे. करार कायद्याच्या कलम २२३ मध्ये तर नेमके हेच उदाहरण दिले आहे: दुसऱ्याच्या सांगण्यावरून एकाने माल विकला, पैसे त्याच्या हवाली केले, नंतर खऱ्या मालकाने विक्रेत्याकडून किंमत वसूल केली. ही भरपाई विक्री करायला सांगणाऱ्याकडून मिळविण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. पण तो माणूसच पसार झाला असेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून खबरदारी आधीच घ्यावी. माल देणाऱ्याचे ओळखपत्र, मूळ बिल आणि त्याच्या सहीची चिठ्ठी घ्यावी. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत-घ्यावेत, म्हणजे व्यवहाराचा माग राहतो. मोबाइलवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळवावा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो पडताळावा. वाहन असल्यास नोंदणी पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष वाहनाशी जुळवून पाहावेत. बिल नाही, घाई फार आणि भाव निम्मा, असे तिन्ही एकत्र आले तर नम्रपणे नकार द्यावा.

संशय नंतर आला, तर विक्री तत्काळ थांबवावी. माल फेकून देणे किंवा मोबाइलमधील संदेश पुसून टाकणे टाळावे, कारण तेच संदेश विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरू शकतात. वकिलाचा सल्ला घेऊन पोलिस ठाण्यात लेखी माहिती द्यावी. चौकशीची नोटीस आल्यास ठरलेल्या वेळी हजर राहावे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करणे कायद्याला अभिप्रेत नाही. मात्र नोटीस डावलणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. दोनशे रुपयांच्या कमिशनपेक्षा वेळीच जपून ठेवलेली एक सहीची चिठ्ठी अशा प्रसंगी कितीतरी अधिक मोलाची ठरते.