उभी बेरीज, आडवी बेरीज

संग्रामपूर तालुक्यात घोडा दिसतो तो नवरदेवाला मिरवण्यापुरता. वरात संपली की तो ज्याच्या त्याच्या गावी परत जातो. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यापर्यंत पसरलेल्या या मुलखात खरी सत्ता बैलाची. ती आता बरीचशी ट्रॅक्टरकडे गेली असली, तरी पोळ्याच्या दिवशी मान बैलाचाच. अशा गावाच्या संदर्भात घोड्यांच्या उड्यांच्या जागतिक अजिंक्यपदावर लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण १९८६ साली पश्चिम जर्मनीतल्या आखेन शहरी या स्पर्धेचा जो अंतिम सामना झाला, त्याचा गुणतक्ता वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्यापुढे ठेवला, तर त्याला तो आपल्यापेक्षा लवकर उमगेल असे मला वाटते. कारण त्या सामन्यातला प्रश्न त्याच्या गोठ्यातलाच आहे. कर्तबगारी जनावराची की हाकणाऱ्याची?

शो जंपिंग या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आधी थोडा समजून घ्यावा लागेल. मैदानात डझनभर अडथळे मांडलेले असतात : रंगीत लाकडी दांड्या, खोटी भिंत, कधी पाण्याचा चर. दांड्या उथळ खोबणीत नुसत्या टेकवलेल्या असतात. खुराचा निसटता धक्का लागला तरी खाली येतात. दांडी पडली की चार दोषगुण. घोडा अडला किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तर त्याचेही दोषगुण. ज्याचे दोष सर्वांत कमी, तो विजेता. वरच्या पातळीवर अडथळ्यांची उंची दीड मीटरच्याही पुढे जाते, म्हणजे उभ्या माणसाच्या गळ्याइतकी. स्वाराला स्पर्धेआधी मैदानातून पायी फिरता येते. दोन अडथळ्यांमधले अंतर तो पावलांनी मोजतो आणि घोड्याने कुठे किती झेपा टाकायच्या ते मनाशी ठरवतो. घोड्याला मात्र हे मैदान आधी दाखवत नाहीत. अडथळा त्याच्या नजरेस पडतो तो उडी घेण्यापूर्वी काही क्षण. एकाला सारे ठाऊक, दुसऱ्याला काहीच नाही. आणि उडी घ्यायची ती दुसऱ्याने!

मग श्रेय कोणाचे? १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. पण बाहेरून येणाऱ्या जनावरांबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम इतके कडक, की घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तिथे जर्मनीच्या हान्स गुंटर विंकलरला पहिल्याच फेरीत जांघेच्या स्नायूची जबर दुखापत झाली. दुसऱ्या फेरीला तो घोडीवर बसला तो वेदना गिळूनच. घोडीला नेहमीसारखे इशारे देणे त्याला शक्य नव्हते. त्याच्या ‘हाला’ या घोडीने त्याला पाठीवर घेऊन सगळे अडथळे निर्दोष पार केले. सुवर्णपदक विंकलरच्या गळ्यात पडले. जर्मनीत आजही त्या यशाबद्दल बोलताना लोक त्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याआधी, हालाचे नाव घेतात.

जागतिक अजिंक्यपदाच्या संयोजकांनी या प्रश्नावर एक नामी तोड काढली होती. ही स्पर्धा १९५३ साली पॅरिसला सुरू झाली. तिच्या अंतिम सामन्याची रीत अशी, की आधीच्या फेऱ्यांतून वर आलेल्या चार स्वारांनी पहिल्यांदा आपापल्या घोड्यावर मैदान मारायचे आणि मग घोडे बदलायचे. चौघांनी चारही घोड्यांवर बसायचे. परक्या घोड्याशी ओळख करून घ्यायला मिळत मोजकी काही मिनिटे. एवढ्यात त्याचे तोंड नरम की कडक, तो टाचेला धावतो की बिथरतो, हे ताडायचे आणि गळ्याइतक्या उंच दांड्यांवर त्याला घालायचे.

माझे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले, त्यामुळे मला या रीतीचा मोह पडतो तो तिच्या तक्त्यासाठी. चार स्वार, चार घोडे, सोळा फेऱ्या. स्वारांची नावे डावीकडे, घोड्यांची वर. आडवी बेरीज केली की कळते, कोणत्या स्वाराने चारही घोड्यांवर मिळून किती चुका केल्या. हे झाले माणसाचे खाते. जगज्जेता त्यावरून ठरे. पण त्याच तक्त्याची उभी बेरीजही करता येते. एकाच घोड्यावर चार निरनिराळी माणसे बसली, तेव्हा त्याने एकूण किती दांड्या पाडल्या? हे झाले घोड्याचे खाते, आणि सर्वोत्तम घोड्याचा मान त्याला वेगळा मिळे.

१९८६ च्या आखेनमध्ये चौघे होते : कॅनडाची गेल ग्रीनो आणि तिचा मिस्टर टी, अमेरिकेचा कॉनरॅड होमफेल्ड आणि त्याचा अब्दुल्ला, ब्रिटनचा निक स्केल्टन आणि अपोलो, फ्रान्सचा पिएर द्युराँ आणि जॅपलू. ग्रीनो ही चौघांत एकटी स्त्री, आणि तोवर कोणतीही स्त्री ही स्पर्धा जिंकली नव्हती. तिने चारही घोड्यांवर मिळून एकही दोष घेतला नाही. आडव्या बेरजेत शून्य! होमफेल्ड दुसरा, स्केल्टन तिसरा आणि द्युराँ चौथा, म्हणजे शेवटचा आला. मात्र सर्वोत्तम घोडा ठरला तो याच शेवटच्या माणसाचा जॅपलू.

या जॅपलूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंगाने लहानखुरा, खांद्यापाशी जेमतेम १५८ सेंटीमीटर. बाप गाडीच्या शर्यतीत दुडकी धावणाऱ्या जातीचा. मोठ्या उड्यांचा घोडा म्हणून त्याच्याकडे पाहून कोणी पैज लावली नसती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो एका अडथळ्यापाशी थबकला, द्युराँ पुढे फेकला गेला, लगाम त्याच्या हातात राहिला आणि घोडा मोकळाच मैदानभर धावला. साऱ्या जगाने ते पाहिले. दोन वर्षांनी आखेनमध्ये परक्या स्वारांनीही त्याच्यावर बसून त्याचे मोल सिद्ध केले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८८ साली, सोलला याच जोडीने ऑलिंपिकचे वैयक्तिक सुवर्ण मिळवले. आखेनच्या उभ्या बेरजेने द्युराँला काय सांगितले असेल? घोड्यात खोट नाही, आता तू सुधार. तसा हा हिशेब स्वाराला बोचणारा. पण ज्याने तो नीट वाचला त्याला त्याचे फळ मिळाले.

आपल्याकडे मात्र ही उभी बेरीज करण्याची रीत फारशी नाही. बैलजोडीच्या कर्जप्रकरणांची पाहणी करण्यासाठी मी संग्रामपूर तालुक्यातली गावे फिरत असे. पाहणीच्या पत्रकात रकाने असत : रंग, शिंगे, दात, वय, कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा क्रमांक. एका गोठ्यात दोन सहादाती बैल रवंथ करीत बसले होते. मालकाने हाका मारल्या, शेपटी पिरगाळली, तरी ते हलेनात. तेवढ्यात धुऱ्याकडून सालदार आला आणि नुसता खाकरला. दोन्ही बैल उभे! मालक हसून म्हणाला, “साहेब, कर्ज माह्या नावावर हाये, पण बैल याच्या नावावर हायेत.” माझ्या पत्रकात सालदाराच्या नावाला रकाना नव्हता आणि बैलाच्या स्वभावालाही नव्हता. तारण म्हणजे मालकी, एवढेच बँकेला ठाऊक.

घोड्यांच्या खेळातही मालकी आणि बैठक ही दोन वेगळी असतात. भारताचा फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ज्या ‘सिन्यूर मेडिकॉट’वर बसला, तो त्याच्या मालकीचा नव्हता, बंगळुरूच्या एम्बसी उद्योगसमूहाने तो घोडा घेतलेला होता. याच जोडीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके मिळवली होती. टोकियोत तीन दिवसांच्या कसोटीनंतर, उड्यांच्या अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचलेल्या पंचविसांत तो होता आणि तेविसावा आला. सिडनीला २००० साली मुंबईच्या इम्तियाज अनीसने या क्रीडाप्रकारात भारताचे प्रतिनिधित्व केले, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये दिसलेला हा पहिला भारतीय घोडेस्वार.

त्याच टोकियोत आणखी एक प्रकार घडला. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत स्वाराला घोडा चिठ्ठी टाकून मिळे आणि ओळखीला वीस मिनिटे. जर्मनीची आनिका श्लोय आघाडीवर होती. तिच्या वाट्याला आलेला ‘सेंट बॉय’ त्याआधी दुसऱ्या एका स्पर्धकाखाली अडून बसलेला होता. तिच्याखालीही तो उडेना. ती रडत होती, चाबूक चालवत होती; प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली, म्हणून तिला स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. पुढे या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचे ठरले आणि २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक तिच्यासाठी शेवटचे ठरले. जागतिक अजिंक्यपदातली घोडे बदलण्याची रीतही २०१४ च्या काँ येथील स्पर्धेनंतर बंद झाली. आठवडाभर उड्या घेऊन थकलेल्या घोड्याला आणखी चार फेऱ्या करायला लावणे रास्त नाही, हा आक्षेप त्यामागे होता. मला तो पटतो. जनावराचे मोल मोजण्याच्या भरात जनावरच झिजवायचे, हा व्यवहार खोटाच.

आपल्या शंकरपटाचा वाद याच वळणावरून गेला. विदर्भात पटाच्या दाणीवर बैलजोडी हाकतो तो धुरकरी, आणि जोडी पुष्कळदा त्याची नसते. नावाजलेला धुरकरी एकाच पटात निरनिराळ्या मालकांच्या जोड्यांवर उभा राहतो. आखेनची रीत त्याच्या अंगवळणी पडलेलीच म्हणायची. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का या साऱ्यांना मनाई आहे. पट परत आले याचा आनंद मलाही आहे. पण मनाई कागदावर राहिली आणि तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात गेली, तर न्यायालयाचा दरवाजा पुन्हा वाजेल आणि तेव्हा परंपरेचा दाखला पुरणार नाही.

म्हणून पटाच्या मंडळांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. सेकंद मोजायला घड्याळ असतेच. त्याच्याशेजारी बैलासाठी एक रकाना वाढवावा. दाण संपल्यावर बैलाच्या अंगावर वळ किंवा जखम आहे का, धाप किती वेळात बसली, वेगवेगळ्या धुरकऱ्यांच्या हाती तो कसा धावला, हे पशुवैद्याने त्यात लिहावे, आणि ज्या जोडीचा रकाना सर्वांत स्वच्छ तिला वेगळे बक्षीस द्यावे. त्याने कोणाचा पहिला नंबर जाणार नाही. आखेनमध्ये ग्रीनोचे विजेतेपद जॅपलूने हिरावून घेतले नव्हते. एकाच तक्त्यात दोघांनाही जागा होती. फक्त बेरीज दोन्ही बाजूंनी करायची तयारी हवी.