हजारातले पैसे गेले कुठे?
आमच्या आपा आणि भाबी मिळून ऑनलाइन दुपट्टे विकतात. विक्री हजाराची, आपांच्या बँकेत जमा ९७६ रुपये ४० पैसे! भाबींच्या मनात शक आला. आम्ही दोघींना घेऊन हिशोबाला बसलो. पेमेंट गेटवेने २ टक्के, म्हणजे २० रुपये कापले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे.

मग टॅलीत ‘गेटवे’ नावाचे खाते उघडले. विक्री पूर्ण हजाराची त्याच्या नावे. रक्कम बँकेत आली की तेवढी तिथे जमा, कपात खर्चात. बँकेचे स्टेटमेंट आयात केले की टॅली जुळणाऱ्या नोंदी स्वतःच जुळवते. न जुळलेल्या आम्ही यूटीआर नंबरावरून शोधतो. परवा अशीच एक सापडली. ग्राहकाला परत केलेले ४५० रुपये लिहायचे राहिले होते, तेही भाबींकडूनच!